तोंड उघडतं किती, आणि अडतं कुठे

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या पहिला हुकूम सुटतो तो "आ करा". रत्नागिरीत काय, चिपळुणात काय, राजापुरात काय, त्यात फरक नाही. पण कोकणातला अनुभवी दंतवैद्य त्यानंतर लगेच दुखऱ्या दाढेकडे वळत नाही. "स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून घाला बघू तोंडात," असं तो सांगतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे. धडधाकट मोठ्या माणसाच्या तोंडात ती तिन्ही बहुधा जातात. दोनच गेली तर डॉक्टर मोजपट्टी काढतो. एकच गेलं तर दाढेचं दुखणं बाजूला पडतं आणि वेगळीच चौकशी सुरू होते: "सुपारी खाता का? किती वर्षं झाली?"

या चाचणीला पैसा लागत नाही, वीज लागत नाही, अर्धं मिनिटही लागत नाही. आपला रक्तदाब किती, साखर किती हे आता कोकणातल्या बहुतेक घरांतून तोंडपाठ असतं. आपलं तोंड किती मिलिमीटर उघडतं हे मात्र सहसा कोणालाच सांगता येत नाही. हा आकडा माहीत असायला हवा आणि या भागात तर तो प्रत्येक केसपेपरवर लिहिलेला असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजायला आधी जबड्याच्या सांध्याची ओळख करून घ्यावी लागेल.

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, गालाच्या बाजूला बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीला बोटाखाली फारसं काही घडत नाही. तोंड निम्मं उघडलं की मात्र एक गोल उंचवटा पुढे सरकतो आणि त्याच्या जागी बोटाला खळगा लागतो. तो उंचवटा म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं. कवटीच्या तळाशी त्याच्यासाठी एक खोबण आहे, खोबणीच्या पुढे हाडाचाच एक उतार आहे आणि या दोन हाडांच्या मधे तंतुमय चकती आहे. पहिले साधारण २० ते २५ मिलिमीटर तोंड उघडेपर्यंत हाडाचं डोकं खोबणीत जागच्या जागी फिरतं. त्यापुढे ते चकतीला सोबत घेऊन उतारावरून खाली आणि पुढे घसरतं. दाराची बिजागरी आणि टेबलाचा खण, दोघांचं काम एकाच सांध्यात. गुडघ्याला किंवा कोपराला एवढी मोकळीक नाही.

शिवाय इथे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले आहेत. डावा हलला की उजव्याला हलावंच लागतं. आणि या सांध्यांची हालचाल थांबते कुठे, तर दातांवर. दात एकमेकांवर बसले की जबडा थांबला. म्हणून सांधा मोजायचा तर दात विसरून चालत नाही आणि दात बसवायचे तर सांधा विसरून चालत नाही.

मधली चकती कधी जागेवरून पुढे सरकते. तोंड उघडताना हाडाचं डोकं तिच्या मागच्या काठावरून उडी मारून पुन्हा तिच्याखाली येतं आणि तेव्हा कानाशी 'कट्‌' असा आवाज होतो. असा आवाज पुष्कळांना येतो, दुखत नसेल तर त्याच्यावर उपचारही लागत नाहीत. जांभई देताना कधी हेच डोकं उताराचं टोक ओलांडून पलीकडे जाऊन अडकतं आणि तोंड मिटेनासं होतं. दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे दाबायचा, ही ते बसवण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्यांच्या काळापासून चालत आली आहे आणि आजही तीच वापरतात.

या हालचालींची मोजमापं घेण्याचा नाद दंतवैद्यांना एकोणिसाव्या शतकात लागला. अमेरिकेत बॉनविल यांनी दोन्ही सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य असे तीन बिंदू जोडले आणि प्रत्येक बाजू सुमारे ४ इंचांची, म्हणजे १० सेंटिमीटरची, असा समभुज त्रिकोण मांडला. सगळ्यांचे जबडे काही इतके शिस्तीत नसतात, पण कृत्रिम जबडा बनवायला एक आधार मिळाला. लंडनचे नॉर्मन बेनेट यांनी १९०८ साली आपल्या स्वतःच्याच जबड्याला दिवे लावून त्यांच्या हालचाली पडद्यावर उमटवल्या. जबडा एका बाजूला नेला की त्या बाजूचं हाडाचं डोकं नुसतं फिरत नाही, किंचित बाहेरच्या अंगाला सरकतंही, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या सरकण्याला आजही बेनेट यांचंच नाव आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये उल्फ पॉसेल्ट यांनी तर जबड्याला जिथे जिथे जाणं शक्य आहे, त्या सगळ्या सीमारेषाच आखून काढल्या. बाजूने पाहिलं तर खालच्या समोरच्या दाताचं टोक एक वाकडी, केळ्यासारखी आकृती काढतं. आपलं बोलणं आणि चावणं त्या आकृतीच्या एका लहानशा कोपऱ्यातच चालतं. पूर्ण सीमेपर्यंत आपण जातो ते जांभई देताना किंवा डॉक्टरांच्या खुर्चीवर.

हे सगळं मोजमाप कशासाठी, याचं सगळ्यात सरळ उत्तर कवळी बसवताना मिळतं.

दात आहेत तोवर जबडा कुठे मिटायचा हे दातच सांगतात. सगळे दात गेले की ती खूण पुसली जाते. समोर बसलेल्या सत्तरीच्या आजोबांचा जबडा कितीही वर जाऊ शकतो आणि कितीही पुढे. तेव्हा डॉक्टरला दोन गोष्टी नव्याने शोधाव्या लागतात: मिटलेल्या तोंडाची उंची किती आणि त्या उंचीला खालचा जबडा पुढे-मागे कुठे. उंची जास्त ठेवली तर बोलताना कवळी खडखडते, गालाचे स्नायू भरून येतात, हिरड्या सोलतात. कमी ठेवली तर हनुवटी नाकाकडे जाते, ओठांचे कोपरे दुमडतात आणि तिथे लाळ साचून चिरा पडतात. गावात "नवी कवळी डब्यात ठेवलीय, जेवताना काढून ठेवतो" असं सांगणारे जे आजोबा-आजी भेटतात, त्यांच्यातल्या कित्येकांची अडचण या दोन मापांतच असते.

उंचीसाठीची पद्धत पाहण्यासारखी आहे. नाकाच्या शेंड्यावर एक टिंब, हनुवटीवर एक टिंब. आजोबांना डोकं न टेकवता ताठ बसवायचं, ओठ ओले करून घोट गिळायला सांगायचं आणि मग "मम" म्हणायला लावायचं. 'म' म्हणून ओठ मिटले की जबडा क्षणभर आपल्या विसाव्याच्या जागी लोंबतो. दात असलेल्या माणसाचेही दात तेव्हा एकमेकांना टेकलेले नसतात. अशा वेळी दोन टिंबांमधलं अंतर मोजायचं. मग तोंडात मेणाचे दोन कठडे बसवून, ते एकमेकांवर मिटल्यावर पुन्हा मोजायचं. दुसरं माप पहिल्यापेक्षा २ ते ४ मिलिमीटर कमी भरलं पाहिजे. तेवढी फट निसर्गाने स्नायूंच्या विश्रांतीसाठी ठेवलेली असते आणि ती खाऊन टाकणारी कवळी कोणालाही सोसत नाही.

मोजपट्टीवर विसंबायचं नसेल तर कान आहेतच. आजोबांना साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगायचं. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट या आकड्यांत 'स' इतक्या वेळा येतो की जबड्याची परीक्षाच होते. 'स' उच्चारताना वरचे आणि खालचे कठडे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकता कामा नयेत. जेमतेम एखादा मिलिमीटर फट राहायला हवी. टेकले तर आवाज खटखटतो, फार दूर राहिले तर 'स'मधून हवा निसटते. आकडे म्हणायला लावणाऱ्या डॉक्टरकडे बघून रुग्णाच्या बरोबर आलेल्या सूनबाई हसतात, पण ही परीक्षा यंत्रापेक्षा कमी नाही.

पुढे-मागेची जागा शोधणं याहून अवघड. दात गेल्यावर बरीच वर्षं कवळी न लावलेल्या माणसाला हिरड्यांवर चावण्यासाठी जबडा पुढे काढायची सवय लागते. "चावा" म्हटलं की तो पुढेच चावतो. त्या जागी कवळी केली तर पहिल्याच जेवणात ती हलते. म्हणून जिभेचं टोक टाळूच्या मागच्या बाजूला वळवून मिटायला सांगतात, किंवा घोट गिळायला सांगतात. दोन्ही वेळा जबडा आपोआप मागे जातो. डॉक्टरने हनुवटीला बोट लावायचं ते दिशा दाखवायला, ढकलायला नाही. ढकललेला जबडा हात काढताच परत पुढे येतो.

याच जागेचं चित्र काढण्याची एक जुनी आणि सुरेख युक्ती आहे. झुरिकचे आल्फ्रेड गिझी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा पुरस्कार केला. एका जबड्याच्या पाटीवर टोकदार खिळा बसवायचा, समोरच्या पाटीवर रंगाचा पातळ थर द्यायचा. माणसाने जबडा पुढे-मागे न्यायचा, मग मागून डावीकडे, पुन्हा मागे, मग उजवीकडे. खिळा रंगावर रेघा ओढत जातो आणि शेवटी बाणाचं टोक उमटतं. दोन्ही बाजूंच्या रेघा जिथे मिळतात तो बिंदू म्हणजे जबड्याची मागची, सांध्याला मानवणारी जागा. टोक अणकुचीदार आलं तर माप विश्वासाचं. बोथट आलं तर समजायचं की स्नायू ताणलेले आहेत किंवा माणसाला सूचना नीट कळलेल्या नाहीत, थोडं थांबून पुन्हा करायचं. दोन टोकं उमटली तर काहीतरी हललं आहे, ते चित्र पुसून टाकायचं. पाच-दहा मिनिटांत माणसाच्या सांध्याचा स्वभाव नखाएवढ्या जागेत डोळ्यांसमोर येतो, याचं नवल पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर उमटतंच.

नंतर 'फेसबो' नावाचा धनुष्याकृती दांडा कानांच्या आधाराने लावून वरच्या जबड्याचं सांध्यापासूनचं अंतर टिपतात आणि सगळा संच आर्टिक्युलेटरवर, म्हणजे धातूच्या नकली जबड्यावर, चढवतात. कवळी घडवणारी लॅब पुष्कळदा दुसऱ्याच गावी असते. तिथल्या कारागिराने आजोबांना कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे असतात ती फक्त ही मापं. मापात दोन मिलिमीटर चुकले तर कारागीर कितीही कुशल असो, कवळी डब्यातच जाणार.

ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांच्यातही एक गंमत आहे. दात जिथे घट्ट बसतात ती जागा आणि सांधा जिथे निवांत असतो ती जागा बहुसंख्य माणसांत तंतोतंत एक नसते. पॉसेल्ट यांच्या मोजणीत दहांपैकी साधारण नऊ जणांत हा फरक निघाला, तोही मिलिमीटरभराच्या आसपास. तो आजार नव्हे. सांध्याची ती 'निवांत' जागा नेमकी कुठली, यावर तर दंतवैद्यांनीच आपलं म्हणणं बदललं आहे. त्यांच्या अमेरिकी परिभाषाकोशाच्या १९५६च्या आवृत्तीत ती हाडाच्या डोक्याची सगळ्यात मागची जागा होती. १९८७च्या आवृत्तीत ती वर आणि पुढे गेली. ज्या जागेच्या व्याख्येतच तीस वर्षांत दिशा उलटली, तिच्या नावाने रुग्णाचे चांगले दात घासायला निघणाऱ्याने दोनदा विचार करावा.

दाताच्या डॉक्टरकडे चांदी किंवा सिमेंट भरल्यावर निळा कागद चावायला देतात, तो चाव्याचंच माप घेत असतो. तो कागद २०० मायक्रॉनपासून ४० मायक्रॉनपर्यंत निरनिराळ्या जाडीचा मिळतो, आणि नुसती पकड तपासायची ८ मायक्रॉनची धातूची पट्टीही असते. निरोगी दातांना वीसेक मायक्रॉन जाडीची वस्तूसुद्धा मधे आलेली कळते. म्हणूनच भरलेला दात केसभर उंच राहिला तरी "डॉक्टर, काहीतरी मधे येतंय" असं माणूस दुसऱ्या दिवशी सांगतो. बधिर केलेल्या तोंडाला ते त्या दिवशी कळत नाही. निळा डाग मोठा म्हणजे तिथे जोर जास्त, असं मात्र नाही. तपासणीत ते खोटं ठरलं आहे. हा दोष काढण्यासाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत टी-स्कॅन हे उपकरण आलं. कागदाऐवजी पातळ विद्युत-जाळी चावायची आणि कोणता दात आधी टेकला, भार कुठून कुठे सरकला, हे पडद्यावर पाहायचं. जबड्याची हालचाल टिपायला खालच्या दातांना चुंबक चिकटवून त्याचा माग काढणारी यंत्रं आली, मग ध्वनिलहरींची, मग कॅमेऱ्यांची. मधली चकती बघायची तर एमआरआय, हाड बघायचं तर सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे.

ही साधनं वाईट नाहीत. पूर्ण तोंडाचं काम करताना, इम्प्लांटवर दात चढवताना, संशोधन करताना ती उपयोगी पडतात. पण पडद्यावरची वळणं दाखवून "तुमचा चावा चुकलाय, म्हणून सांधा दुखतोय, सगळे दात थोडे थोडे घासू" असं कोणी म्हणालं तर सावध व्हावं. दात कसे बसतात आणि सांधा दुखतो का, यांचा संबंध पूर्वी वाटायचा तेवढा घट्ट निघालेला नाही, आणि सांध्याच्या दुखण्यावर दात घासण्यासारखे परत न फिरवता येणारे उपाय टाळा, असं अमेरिकेची सरकारी दंतसंशोधन संस्थाही रुग्णांना सांगते. जबड्याच्या सांध्याच्या विकारांचं निदान कसं करायचं, याचे जगभर मानले गेलेले निकष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत तोंड मोजायला सांगितलेलं साधन कोणतं, तर मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी. न दुखता किती उघडतं, दुखलं तरी जास्तीत जास्त किती, आणि डॉक्टरने बोटांनी आधार देऊन ताणल्यावर किती, अशी तीन मापं. त्यात वरचे दात खालच्या दातांवर जेवढे उतरलेले असतात तेवढं अंतर मिळवायचं, नाहीतर जबडा प्रत्यक्षात जेवढा हलला त्याहून माप कमी भरतं.

मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं. उजवीकडे-डावीकडे जबडा ८ ते १० मिलिमीटर सरकतो. तोंड ३५च्या खाली आलं की विचारायचं: अडतंय कुठे? उत्तर एकट्या आकड्यात नसतं, ते जबडा कोणत्या वाटेने जातो यात असतं. एका बाजूच्या सांध्यात चकती अडकली असेल तर तोंड पंचवीस-तीस मिलिमीटरवर थांबतं, हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते आणि जबडा विरुद्ध बाजूला सरकत नाही. स्नायू आखडले असतील तर डॉक्टरने हळू ताणल्यावर आणखी पाच-सात मिलिमीटर मिळतात. अक्कलदाढ सुजली असेल तर ताप, दुखणं, गालाची सूज आपली ओळख स्वतःच देतात. लहानपणी हनुवटीवर पडलेल्या किंवा कानात पू झालेल्या मुलाचा सांधा हाडाने जुळून गेला असेल तर जबडा जवळजवळ हलतच नाही आणि हनुवटी खुरटते. धनुर्वाताची सुरुवातही दातखीळ बसण्यानेच होते, म्हणून जखम आणि आखडलेला जबडा एकत्र दिसले तर वेळ दवडायचा नसतो.

आणि मग एक तोंड असं येतं की ते उघडतं वीस मिलिमीटर, पण डावीकडे-उजवीकडे ठीक सरकतं. ताणून फरक पडत नाही. सांध्याशी बोट लावलं तर दुखत नाही. गाल आतून चाचपला की बोटाला उभ्या, ताठ दोऱ्या लागतात. आतली त्वचा गुलाबी नाही, पांढुरकी, निस्तेज. शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही आणि साधी आमटीही तिखट लागते. इथे सांधा निर्दोष आहे. अडतंय ते गालाच्या अस्तरात. याचं वैद्यकीय नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, आणि कारण सुपारी.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत असा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं आणि आज प्रचलित असलेल्या नावाचा पाया घातला. कारण मात्र लगेच हाती लागलं नाही. भारतातल्या विकृतिशास्त्राचे एक आद्य संशोधक वसंत रामजी खानोलकर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासक सत्यवती शिरसाट यांनी मुंबईत १९६०च्या सुमारास उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून पाहिलं. तेव्हा संशय मिरचीवर होता आणि तो गैरवाजवीही नव्हता, कारण प्रत्येक रुग्ण तिखट सोसत नाही असंच सांगे. पुढे कळलं की तिखट न सोसणं हा परिणाम आहे. डेन्मार्कचे पिंडबोर्ग, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून त्यांनी १९७२ साली अहवाल छापला. एवढ्या लोकांना खुर्चीविना, घराच्या ओटीवर "आ करा" म्हणणं हे काम किती चिकाटीचं असेल, याचा विचार केला की त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

सुपारीमुळे हे कसं घडतं ते आता बरंच उलगडलं आहे. तिच्यातलं अॅरेकोलिन पेशींना कोलॅजेनचे धागे जास्त तयार करायला लावतं. तिच्यातली तुरट टॅनिनं ते धागे मोडू देत नाहीत. तिच्यात तांबंही भरपूर असतं आणि ते धाग्यांना एकमेकांशी सांधणाऱ्या विकराला जोर देतं. धागे वाढतात, तुटत नाहीत, एकमेकांत गुंततात. गालाचं मऊ अस्तर ताठ होतं आणि तोंड मिलिमीटर-मिलिमीटरने मिटत जातं. यात तंबाखूची गरज नसते. "मी तंबाखू नाही हो खात, नुसती सुपारी" हे वाक्य रत्नागिरीत रोज ऐकू येतं, आणि त्याच वाक्याने माणसाचा घात होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही तंबाखूविनाही माणसाला कर्करोग करते असं स्पष्ट नोंदवलं.

हे कोकणात लिहिणं जड जातं. पोफळी आमच्या वाड्यांची शान आहे. गुहागर-दापोलीच्या वाडीत माडाच्या बरोबरीने पोफळ उभी असते, खाडीपलीकडे श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पाहुण्यापुढे पानाचा डबा आणि अडकित्ता सरकवणं ही रीत आहे, पूजा सुपारीवाचून मांडली जात नाही. पूजेतली सुपारी कोणाला अपाय करत नाही. जेवणानंतर एखादं खांड चघळणारी पिढी आणि दिवसभर गालात पुडी धरून ठेवणारी पिढी यांच्यातही फार अंतर आहे. गुटखा आणि सुगंधी सुपारीच्या पुड्यांनी हा आजार विशीत आणला. पानात गुंडाळलेल्या सुपारीपेक्षा कोरड्या पुडीने तो कितीतरी लवकर होतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पुड्या अजून मिळतात, हे एसटी स्टँडच्या कोपऱ्यात पाहिलं की कळतं.

या आजाराची पायरी ठरवायला पुन्हा तीच मोजपट्टी लागते. मुंबईच्या खन्ना आणि अंद्रादे यांनी १९९५ साली शंभर रुग्णांवरून केलेली वर्गवारी आपल्याकडे खूप वापरली जाते. तोंड ३५ मिलिमीटरच्या वर उघडत असेल तर आजार अगदी सुरुवातीचा, २६ ते ३५ म्हणजे दुसरी पायरी, १५ ते २६ म्हणजे मध्यम पुढे गेलेला, त्याखाली शेवटची पायरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर सुपारी सोडणं, तोंडाचे व्यायाम आणि गालात द्यायची इंजेक्शनं यांवर बरंच निभावतं. तोंड फारच मिटलं तर गालातल्या ताठ पट्ट्या कापाव्या लागतात. पहिल्या पायरीवरचा माणूस स्वतःहून दवाखान्यात येत नाही, कारण त्याला काही दुखत नाही. तो अडतो चाळीसवरून छत्तीसवर, आणि ते चार मिलिमीटर मोजल्याशिवाय कोणालाच दिसत नाहीत. म्हणून सुरुवातीला म्हटलं की हा आकडा प्रत्येकाच्या केसपेपरवर हवा. दाढ भरायला आलेल्या विशीतल्या पोराच्याही.

आकडा हवा याला आणखी एक कारण आहे. केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या ६६ रुग्णांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. सुपारी सोडली तरी ताठरलेलं अस्तर पूर्ववत होत नाही, त्यामुळे अशा माणसाच्या तोंडावर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. पण पंधरा मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात डॉक्टरचा आरसा आणि बोट शेवटच्या दाढेपर्यंत पोचत नाही. जिथे गाठ उठण्याचा धोका जास्त, तिथलंच दिसत नाही. भूलतज्ज्ञाचीही हीच पंचाईत. हर्निया किंवा अपेंडिक्ससाठी आलेला तरुण, श्वासनलिकेत नळी घालायची आणि तोंडात दोन बोटंही जात नाहीत. मग नाकातून दुर्बीण घालून नळी सरकवण्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते.

घरी करायच्या व्यायामातही मोजमापच आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमधे धरायच्या, रोज अनेक वेळा, आणि सोसेल तसतशी एकेक काडी वाढवायची. शस्त्रक्रिया झालेल्याने तर हे महिनोन्‌महिने करायचं असतं. न केलं तर कापलेल्या जागी नवा व्रण आखडतो आणि तोंड पुन्हा जुन्या मापावर येतं. काड्यांचा गठ्ठा उशाशी ठेवलेला माणूस आपली प्रगती स्वतः बघू शकतो, त्यासाठी डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हे माप करून घ्यायला लांब जावं लागत नाही. जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राबरोबर या भागात कर्करोग तपासणीचं काम केलेलं आहे. माप घेताना दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की ते वर्षानुवर्षं ताडून बघता येतं. दर वेळी त्याच दोन दातांच्या कडांमधलं अंतर घ्यावं, शक्यतो वरच्या आणि खालच्या उजव्या मधल्या दातांचं. तीनदा उघडायला सांगून सगळ्यात मोठं माप धरावं. पुढचा दात तुटलेला किंवा पडलेला असेल तर ते लिहावं, नाहीतर पुढच्या खेपेला तोंड उगाच जास्त उघडल्यासारखं दिसतं. आणि केसपेपरवर तारखेशेजारी मिलिमीटर, मोजलेल्या दातांचे क्रमांक आणि हनुवटी कोणत्या बाजूला झुकली हे नोंदवावं.